नाटकाला तारण काय?

१९९०च्या सुमारास माझी पेणच्या शाखेत बदली झाली. बँकेतला माणूस नव्या गावात गेला की आधी दोन गोष्टींची चौकशी करतो. इथे पैसा कशातून येतो, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो? पेणला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते, ते म्हणजे गणपती. दिवाळी आटोपली की कारखानदार मंडळींची शाखेत ये-जा सुरू होई. पेणला मूर्ती जिथे घडतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती घराची पडवी का असेना. हमरापूर, जोहे या बाजूने तर घरटी कारखाना. शाडूची माती, प्लास्टर, काथ्या, रंग आणि कारागिरांची मजुरी यांसाठी त्यांना खेळते भांडवल लागे. भाद्रपदात मूर्ती गेल्या की हिशेब चुकता.

हे कर्ज मंजूर करताना आम्हाला फारसा विचार करावा लागत नसे. मूर्ती अजून घडलेली नसे, माती अजून पोत्यात असे; पण चतुर्थी पंचांगात छापलेली असे. ती येणार, आणि ती आली की मूर्ती विकली जाणार, यावर बँकेचा पूर्ण विश्वास होता.

पुढे रोह्याला बदली झाली. कुंडलिकेच्या काठचे हे गाव चिंतामणराव देशमुखांचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि शिवाय कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा रसिक, अशी त्यांची ओळख. त्यामुळे रोह्याच्या शाखेतल्या टेबलाच्या खणात कादंबरीची पाने ठेवताना मला फारसे अपराधी वाटत नसे. मोठ्या साहेबांनीच घालून दिलेली वाट, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

एके दिवशी दुपारी एक तरुण आला. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर होता. गावच्या जत्रेसाठी त्याने दोन नाटके लिहिली होती. त्यातले एक गावच्या मुंबईकर चाकरमान्यांनी परळच्या दामोदर हॉलमध्येही केले होते. आता त्याच्या डोक्यात एक वेगळे, मोठे नाटक होते. ते लिहायचे तर पाळीच्या कामातून सहा महिने सुटका हवी, आणि त्या सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी त्याला दहा हजार रुपये कर्ज हवे होते. मी सवयीने विचारले, की तारण काय देणार? त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पहिले दोन अंक लिहून झाले होते.

वही मी घरी नेली आणि रात्री वाचली. पहिला अंक लांबलेला होता, पण दुसरा अंक वाचून मी बराच वेळ जागा राहिलो. दुसऱ्या दिवशी मी ती वही त्याला परत केली. अर्जाच्या नमुन्यात शेती होती, दुकान होते, रिक्षा होती, म्हैस होती, नाटक नव्हते. त्याने माझे आभार मानले आणि तो गेला. पुन्हा तो शाखेत आला नाही.

या गोष्टीला आता तीस वर्षे होतील. निवृत्तीनंतर मराठी रंगभूमीच्या सुरुवातीविषयी निवांतपणे वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की माझ्या टेबलावर त्या दुपारी जो प्रश्न येऊन पडला होता, तो मराठी नाटकाइतकाच जुना आहे. त्या प्रश्नाची पहिली नोंद सांगलीची आहे. तिच्यातही एक चिंतामणराव आहेत, आणि हातात वही घेतलेला एक तरुण आहे. त्याचे नाव विष्णुदास अमृतराव भावे.

दरबारातला होतकरू

विष्णुदासांचे वडील सांगलीकर पटवर्धनांच्या पदरी चाकरीला होते. मुलगा मात्र रूढ अर्थाने शहाणा निघण्याची चिन्हे नव्हती. त्या काळी संस्थानी गावातल्या ब्राह्मण कुटुंबातल्या मुलापुढे वाटा ठरलेल्या असत. वेदविद्या, कारकुनी किंवा वडिलांची शिपाईगिरी. या मुलाचा जीव रमे तो कथा रचण्यात, कविता करण्यात आणि हाताने काही ना काही घडवण्यात. त्याच्या हातात कसब होते. पुढे त्याने केलेल्या कळसूत्री बाहुल्या त्याची साक्ष देतात. पेणला जन्मला असता तर हा मुलगा कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करताना दिसला असता, असे मला नेहमी वाटते.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन हे त्या वेळी उतारवयाकडे झुकलेले होते. मिरजेपासून वेगळे होऊन त्यांनी सांगलीचे संस्थान उभे केले, कृष्णाकाठी गणपतीचे देऊळ बांधले. पेशवाई बुडालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १८४२ साली उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली आणि दरबारापुढे तिचे खेळ झाले. हे खेळ यक्षगानाच्या धर्तीचे होते. देवदानवांची सोंगे, आरडाओरड, उड्या, नाच, मृदंगाचा कडकडाट. अप्पासाहेबांना ते आवडले, पण त्यातला ओबडधोबडपणा खटकला. असे काही, पण अधिक नेटके, आपल्या मराठीत का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. हे काम त्यांनी कोणा शास्त्रीबुवांवर न सोपवता विष्णुदासांवर सोपवले.

इथे क्षणभर थांबायला हवे. विष्णुदास तेव्हा जेमतेम विशीच्या आसपासचे होते. नाटक त्यांनी तोवर लिहिले नव्हते; लिहिणार कसे? ज्याकडे पाहून लिहावे असे मराठी नाटक त्यांच्यासमोर नव्हतेच. तंजावरच्या भोसले राजांनी त्याआधी दीडशे वर्षे मराठी नाटके रचली होती, पण ती तिथल्या दरबारात आणि पोथ्यांत राहिली. सांगलीपर्यंत ती पोहोचली नव्हती. आणि तंजावरला राजाच लेखक असल्याने आश्रयाचा प्रश्न आलाच नव्हता. सांगलीत राजा वेगळा आणि लेखक वेगळा. म्हणजे एका अननुभवी तरुणाला, पूर्वी कधी न झालेल्या कामासाठी, काम होण्याआधी पाठबळ देण्यात आले. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर अनुभव शून्य, तारण शून्य, बाजारपेठ अज्ञात. आमच्या शाखेतल्या कोणत्याही अधिकाऱ्याने हा अर्ज पहिल्याच पानावर फेटाळला असता.

पाठबळ म्हणजे काय काय

अप्पासाहेबांनी विष्णुदासांना काय दिले, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आपण पाठबळ म्हटले की फक्त रोख रक्कम डोळ्यांसमोर आणतो. पण त्या आश्रयात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट वेळ. कथा निवडायची, तिच्यावर पदे रचायची, ती चालींत बसवायची, यासाठी दिवसच्या दिवस लागतात, आणि त्या दिवसांत पोटाची चिंता असून चालत नाही. दुसरी गोष्ट माणसे. नाटकात तोंडाला रंग लावणे हे तेव्हा भल्या घरच्या माणसाला कमीपणा आणणारे मानले जाई. स्त्रियांची कामे पुरुषांनी, कोवळ्या वयाच्या मुलांनी करायची. दरबारचा पाठिंबा नसता तर अशी माणसे जमलीच नसती. तिसरी गोष्ट सामान. राजेरजवाड्यांच्या कथा दाखवायच्या तर पोशाख हवेत, मुकुट हवेत, शस्त्रे हवीत, रावणाला दहा तोंडे हवीत आणि रात्रभर जळायला तेल हवे. चौथी गोष्ट प्रेक्षक. दरबारात खेळ व्हायचा म्हणजे बघायला माणसे येणारच. आणि पाचवी, माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चुकण्याची मुभा. पहिला खेळ रंगला नाही तर दुसरा करता येईल, एवढा धीर ज्या लेखकाला असतो तोच नवे काही करू धजतो.

१८४३ साली सांगलीच्या दरबारात सीतास्वयंवराचा खेळ झाला. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो. तो खेळ आजच्या अर्थाने नाटक नव्हता. एका बाजूला सूत्रधार उभा राहून सारी पदे म्हणे, त्याच्यामागे टाळ-मृदंगाची साथ असे. आधी गणपती येई, मग मोरावर बसून सरस्वती. विदूषक सूत्रधाराशी थट्टामस्करी करी. मग आख्यान सुरू होई. पात्रे आपापल्या प्रसंगाला येत, आणि बोलायची भाषणे लिहिलेली नसत. प्रसंग समजावून दिलेला असे, त्यावर नट आपल्या बुद्धीने बोलत. राक्षस आला की त्याची आरोळी आधी येई. त्या आरोळ्यांवरूनच पुढे या खेळांना अलल्डुर्र नाटके असे थट्टेचे नाव पडले. पण ते नाव पुढच्या पिढ्यांनी दिले. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना राम, सीता, रावण हे मराठी बोलत समोर उभे राहिलेले पाहणे ही थट्टेची गोष्ट नव्हती.

त्यानंतर सुमारे आठ वर्षे हा आश्रय टिकला. रामायण-महाभारतातली एकेक आख्याने विष्णुदास रचत गेले. पदे त्यांची, तालीम त्यांची, सूत्रधारही तेच. आज ज्याला आपण लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि व्यवस्थापक म्हणू, ती सारी कामे एका माणसाच्या अंगावर होती. आठ वर्षे म्हणजे लहान काळ नव्हे. एखाद्या होतकरू लेखकाला आज सलग आठ वर्षे कोणी पाठबळ दिल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

धनी गेल्यावर

१८५१ साली अप्पासाहेब वारले. गादीचे वारस धुंडिराजराव तात्यासाहेब अज्ञान होते. कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला आणि कारभाऱ्यांची नजर पडली ती खर्चाच्या बाबींवर. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बहुधा तेच केले असते. धनी अज्ञान, वरून इंग्रजांचा डोळा, आणि वहीत नाटकाच्या नावे दरसाल खर्च. अशा वेळी पहिली काट कुठे मारायची हे कारकुनाला सांगावे लागत नाही.

विष्णुदासांपुढे मात्र एकदम अंधार झाला. मागे नाटकांपायी झालेले देणे होते, भोवती मंडळी होती, पेट्यांत पोशाख होते. पण या सर्वांना ज्या माणसाच्या शब्दाचा आधार होता तो माणूसच गेला होता. आश्रय होता तो अप्पासाहेबांच्या मर्जीचा. ती मर्जी मोठी होती, रसिक होती, तिच्यामुळे मराठी नाटक जन्माला आले. पण मर्जी माणसाबरोबर जाते. नवा कारभार तिचा वारसदार नव्हता. शेवटी खेळ घेऊन बाहेर पडावे आणि त्यातून देणे फेडावे, एवढीच वाट त्यांच्यासाठी मोकळी राहिली.

होतकरू कलावंताला पाठबळ देणाऱ्या कोणत्याही योजनेची खरी परीक्षा, योजना सुरू करणारा माणूस खुर्चीतून उठल्यावर होते. रसिक जिल्हाधिकारी येतो, सभागृहात नाट्यमहोत्सव भरतात. त्याची बदली होते आणि सभागृहाला कुलूप लागते. एखादा उद्योगपती तालमींना जागा देतो. त्याचा मुलगा त्या जागी गोदाम करतो. नावे बदलतात, पण प्रकार सांगलीचाच.

तिकिटाचा आश्रय

विष्णुदास बाहेर पडले ते काही सुखाने नव्हे, पण त्या बाहेर पडण्यातून मराठी नाटकाचा दुसरा जन्म झाला. दरबारात खेळ बघायला मोल पडत नव्हते. आता अनोळखी गावी अनोळखी माणसांनी पैसे देऊन खेळ बघायला यायचे होते. ते येतील का, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आणि प्रवास तरी कसा! आगगाडी नव्हती. पेट्या, पोशाख आणि माणसे बैलगाड्यांवर घालून मजल-दरमजल करायची. त्या काळी पुण्याहून मुंबईला जायचे तर खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलला यायचे आणि तिथून खाडीने मचव्यातून मुंबई गाठायची, हा रुळलेला रस्ता होता. पेण-पनवेलकडच्या माणसांनी त्या वर्षांत असे किती तांडे जाताना पाहिले असतील! पावसाळ्यात तर सारेच बंद. म्हणजे वर्षातले चार महिने मंडळींना बसून खायला घालायचे.

१८५३ साली विष्णुदास मुंबईत आले. याच वर्षी एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. मुंबईत ग्रँट रोडला एक नाट्यगृह होते. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ते १८४६ साली उभे राहिले होते आणि तिथे मुख्यतः साहेबलोकांच्या इंग्रजी नाटकांचे प्रयोग होत. तिथे विष्णुदासांनी मराठी खेळ लावले, वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि तिकीट ठेवले. लोक आले. मुंबईतली शेटमंडळी आली, साहेब आले, आणि ज्यांना पदरचे पैसे मोजणे सोपे नव्हते तीही माणसे आली. इंग्रजी नाटकाची मांडणी, पडदा, बसण्याची व्यवस्था हे सारे विष्णुदासांनी तिथे पाहिले आणि उचलता येईल ते उचलले. मराठी न जाणणाऱ्यांसाठी त्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानीत केले. त्याच वर्षी पारशी मंडळींचीही नाटके त्याच नाट्यगृहात सुरू झाली. मुंबईच्या धंदेवाईक रंगभूमीचा गल्ला १८५३ साली उघडला तो असा.

राजा गेला आणि त्याच्या जागी तिकीट काढणारा प्रेक्षक आला. हा नवा धनी मरत नाही, एवढे खरे. पण त्याची मर्जी रोज रात्री नव्याने मिळवावी लागते. ज्या आख्यानाला गर्दी होते ते पुन्हा लावावे लागते. युद्ध हवे, राक्षस हवा, आरोळी हवी. विष्णुदासांनी एकूण पन्नासच्या आसपास आख्याने रचली. पण ज्या वेगळेपणासाठी अप्पासाहेबांनी त्यांना हात दिला होता, तसला नवा धोका पत्करायला आता उसंत नव्हती. आठवड्याच्या गल्ल्यावर पन्नास पोटे असली की लेखक सावध होतो. यात विष्णुदासांना दोष देण्याचा हेतू नाही. उद्याच्या घरभाड्याची काळजी असलेला कोणताही लेखक तेच करतो.

आणखी एक गोष्ट झाली. खेळ चालतो हे दिसल्यावर मंडळीतली माणसे फुटली. आळतेकर, इचलकरंजीकर, तासगावकर अशा एकामागून एक नाटक मंडळ्या निघाल्या. खेळाची धाटणी विष्णुदासांची, पण लेखक म्हणून त्यांना त्यातून काही मिळावे अशी रीतच नव्हती. नाटक मंडळीच्या उत्पन्नात मालकाचा वाटा होता, नटांचा पगार होता, गाडीवानाचे भाडे होते. लिहिणाऱ्याच्या नावाचा रकाना नव्हता. पुढे रोह्याच्या शाखेत माझ्या हातात जो छापील नमुना आला, त्यात हा रकाना नसण्याचे मूळ इतके मागे जाते.

१८६२च्या सुमारास, चाळिशीच्या आसपास, विष्णुदासांनी फिरती सोडली. त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले. १८८५ साली त्यांची पदे नाट्यकवितासंग्रह या नावाने छापून निघाली आणि त्यात त्यांनी हा सारा उद्योग कसा सुरू झाला याची हकीकतही सांगितली. तोवर रंगभूमी कुठल्या कुठे गेली होती. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल आले, मग सौभद्र आले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल शारदा घेऊन आले. विष्णुदासांची आख्याने जुनाट ठरली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याने वाट पाडली त्याने रस्ता झालेला पाहिला. पण त्या रस्त्यावर जमा होणाऱ्या पैशात त्याचा वाटा नव्हता.

समितीचा आश्रय

राजाचा आश्रय आणि तिकिटाचा आश्रय यांच्याशिवाय तिसरा एक आश्रय असतो, तो समितीचा. त्याचेही पहिले उदाहरण याच काळातले आहे. विष्णुदास गावोगाव फिरत होते तेव्हा, १८५५ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिले. गरीब शेतकरी जोडप्याला भटजी कसा नाडतो आणि विद्येने त्यांचे डोळे कसे उघडतात, असा त्याचा विषय. पुराणातली एकही कथा त्यात नव्हती. मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी सरकारने दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली होती. जोतीरावांनी आपले नाटक तिच्याकडे पाठवले. समितीतल्या भटमंडळींच्या विरोधामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. ते नाटक छापून लोकांसमोर आले ते १९७९ साली. मध्ये सव्वाशे वर्षे गेली.

विष्णुदासांपेक्षा कितीतरी पुढचे असे हे नाटक, पण त्याला ना राजा मिळाला, ना प्रेक्षक, ना समितीचा कौल. मर्जी लहरी असते म्हणून समिती हवी, हे खरे. पण समितीत कोण बसते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

नोकरी नावाचा राजा

मग शंभर-सव्वाशे वर्षे मराठी नाटककार जगला कशावर? याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला हसू आले. किर्लोस्कर बेळगावला सरकारी कचेरीत नोकरीला होते. देवल शिक्षक होते. राम गणेश गडकऱ्यांनी उमेदवारीची वर्षे किर्लोस्कर मंडळीत तुटपुंज्या पगारावर काढली. मामा वरेरकर टपाल खात्यात होते. वसंत कानेटकर नाशिकला प्राध्यापक, विजय तेंडुलकर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत. मराठी नाटकाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घायुषी आश्रयदाता म्हणजे महिन्याच्या एक तारखेचा पगार! माझ्या कादंबऱ्यांचा आश्रयदाताही तोच. पण धाटावच्या त्या कंत्राटी कामगाराच्या वाट्याला हा राजा आला नव्हता. त्याचे काम महिन्याचे नव्हते, पाळीचे होते. एक पाळी चुकली की त्या दिवसाचा पैसा गेला.

काही झालेच नाही असे नाही. १९५४ साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि कितीतरी हौशी लेखकांना तिने पहिला रंगमंच दिला. संगीत नाटक अकादमीने १९८४ ते १९९४ या दशकात तरुण रंगकर्मींना साहाय्य केले. याच सुमारास पुण्याच्या थिएटर अकॅडमीने, सतीश आळेकरांच्या पुढाकाराने आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने, नाटककार घडवण्याची योजनाच राबवली. प्रयोगापेक्षा लिहिणाऱ्याकडे आधी पाहणारी ही योजना म्हणून तिचे मोल मला फार वाटते. पण तीही १९९४च्या सुमारास थांबली. परदेशी पैसा म्हणजेही शेवटी कोणाची तरी मर्जीच.

१९४३ साली सांगलीला मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. त्याच वर्षी रोह्याचे चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, हा एक योगायोग. पुढे १९६०पासून सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाऊ लागले. पहिले बालगंधर्वांना मिळाले. मोठमोठ्या रंगकर्मींनी ते पदक मस्तकी लावले आहे. पण गंमत पाहा, ज्या माणसाला विशीत, काहीही करून दाखवण्याआधी आधार मिळाला, त्याच्या नावाचा हा गौरव होतो तो आयुष्यभराचे काम पुरे करून बसलेल्यांचा. पिकल्या केसांवर शाल घालणे आपल्याला जमते. काळ्या केसांच्या पोराच्या हाती सहा महिन्यांचा शिधा देणे जमत नाही.

मी काही अर्थतज्ज्ञ नव्हे. पण पेणच्या कारखानदारांना कर्जे देताना जे शिकलो ते सांगतो. तिथे बँक मूर्तीवर विश्वास ठेवत नसे, चतुर्थीवर ठेवत असे. नाटकालाही अशी चतुर्थी देता येईल. कोकणातल्या प्रत्येक मोठ्या गावाची जत्रा ठरलेली आहे, पालखीचा दिवस ठरलेला आहे, मुंबईकर मंडळांची नाटके ठरलेली आहेत. पाच-दहा गावांनी मिळून जत्रेच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला आणि दरसाल एका नव्या लेखकाला, नाटक लिहिण्याआधी, सहा महिन्यांचा खर्च दिला, तर त्या नाटकाची तारीख पंचांगात आधीच छापलेली असेल. मात्र ते लेखी असावे. मंडळाचा अध्यक्ष बदलला तरी चालू राहील असे असावे. पैसा लेखकाच्या नावे असावा, आणि एखाद्याचे नाटक पडले तर पुढच्याचे पाठबळ थांबू नये. अप्पासाहेबांच्या आश्रयात जे होते ते सारे यात असावे, आणि जे नव्हते तेही असावे.

विष्णुदासांनी केलेल्या कळसूत्री बाहुल्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या नाहीत. रामदास पाध्ये यांनी त्यांना नव्याने रंगमंचावर आणले. लाकूड टिकते. वही टिकतेच असे नाही. रोह्याच्या त्या वहीचे काय झाले मला ठाऊक नाही. तिसरा अंक लिहिला गेला की नाही, हेही नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक म्हातारी आपल्या घराच्या किल्ल्या कंपनीच्या साहेबाच्या हातात देते आणि एकच किल्ली कमरेला ठेवून घेते, एवढे मला आठवते. ती किल्ली कशाची होती, हे तिसऱ्या अंकात कळणार होते.